वसुवहिनीचं जागरण

माझ्या थोरल्या जावेला रात्रीची झोप येत नसे, आणि आमच्या घराने त्याचा पुरेपूर फायदा उठवला. हे मी आधीच सांगून टाकते. उगाच कोणी म्हणायला नको, की माई गेल्या आणि प्रभाला तोंड फुटलं. तोंड मला पहिल्यापासून आहे आणि माईंना ते चांगलं ठाऊक होतं.

मी बोर्डीची. अठ्ठावन्न साली लग्न होऊन डहाणू रोडला आले. स्टेशन मागे टाकून सरावलीच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला आमचं कौलारू घर. सासरे मी येण्याआधीच गेलेले. घरात सासूबाई, त्यांना सगळी आळी माई म्हणायची. थोरले दीर काशीनाथदादा रेल्वेत, तिकिटाच्या खिडकीवर. आमचे हे शांताराम, शाळामास्तर. आणि दादांची बायको वसुमती, माझी वसुवहिनी. तिला मूल नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कोणी ब्र काढत नसे.

नवी सून म्हणून मी लवकर उठायची. उठून बघते तर करायला काही उरलेलंच नसायचं. पाणी भरलेलं, तांदूळ निवडलेले, दादांच्या कोटाची बटणं लावलेली, अंगण सारवून वाळतसुद्धा आलेलं. मला वाटलं, माझ्यावर इंप्रेशन मारायचं चाललंय. जावाजावांत असतं तसं. एकदा मी सरळ विचारलं, "वहिनी, तुम्ही झोपता कधी?"

"झोपून काय मिळतं?" ती म्हणाली. "फुकट वेळ जातो. माणूस आडवं पडलं की मेलेलंच."

हे ती अशा ठसक्यात म्हणाली की मला खरंच वाटलं. मी माहेरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा, आमची जाऊ भलतीच कामसू आहे. आई म्हणाली, सांभाळून राहा, अशी माणसं दुसऱ्यालाही झोपू देत नाहीत. पण वहिनी तशी नव्हती. मला उशीर झाला तर ती माझ्या खोलीपुढून पावलं न वाजवता जायची.

दादांना तर त्याचा केवढा अभिमान. स्टेशनात, बाजारात, बसच्या रांगेत, कुठेही विषय निघाला की सांगायचे, "आमच्या हिला झोप लागतच नाही. देणगी आहे देवाची." देणगी म्हणे. ज्याला स्वतःला पाठ टेकताक्षणी घोरायला येतं त्याला दुसऱ्याचं जागणं ही देणगीच वाटणार. मग सगळ्या आळीला त्या देणगीतला वाटा हवा झाला. कोणाला पहाटेची मुंबईची गाडी पकडायची असली की वसूला सांगून ठेवा, ती उठवेल. कोणाचं पोर तापाने फणफणलं की वसूला बसवा उशाशी. आणि कोणाकडे माणूस गेलं, लेक किंवा भाऊ यायचा म्हणून सकाळपर्यंत प्रेत ठेवायचं असलं, तर आमच्या दारात निरोप हजर. वसूला पाठवता का, ती नाहीतरी जागीच असते.

नाहीतरी जागीच असते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अरे, जागी असते म्हणजे काय रिकामी असते?

साठ साली माई परसात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ते नीट बसलंच नाही. माजघरात त्यांची खाट टाकली ती कायमची. दिवसा आम्ही दोघी होतो. रात्रीचं कोणी बघायचं, ह्याची घरात चर्चासुद्धा झाली नाही. भांडं द्यायचं, कूस बदलायची, पाठीला तेल लावायचं. दोन घटका गेल्या की खाटेवरून हाक, "वसू, पाणी." दोन्ही मुलगे आपापल्या खोलीत डाराडूर. मी उठले तर वहिनीच मला परत पाठवायची. "जा, झोप. तू जागून काय करणार? मी आहे ना."

दिवसा तिची काय दशा व्हायची ती कोणी बघत नव्हतं. डोळ्यांखाली काजळी धरलेली. उभ्या उभ्या तंद्री लागायची, हातातलं भांडं सुटायचं. एकदा उकळत्या तेलात पुऱ्यांऐवजी बोटंच गेली. माई खाटेवरून म्हणाल्या, "लक्ष कुठे असतं हिचं?" मी म्हटलं, "तुमच्या उशाशी असतं, माई. रात्रभर." तेव्हा ह्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

डहाणूची दुपार तुम्हाला माहीत असेल. जेवणं उरकली की दुकानांच्या फळ्या लागतात, टांगेवाले टांग्यातच पाय पसरतात, अख्खा गाव घाम पुसत निजतो. त्या वेळी वहिनी रवा चाळत बसायची. त्या निजलेल्या गावाचा तिला राग यायचा, खराखुरा राग. चाळणी आपटत म्हणायची, "पडलेत बघ सगळे मेल्यासारखे." एके दुपारी मी तिच्या हातातून चाळण काढून घेतली, तिला बळेच चटईवर आडवं केलं आणि शेजारी बसले. तिने डोळे मिटले. मिनिटभरात पापण्या जड झाल्या. आणि विंचू चावल्यासारखी ती ताडकन उठून बसली.

त्या दिवशी तिने मला सांगितलं. सांगताना रडली नाही. चाळण परत मागून घेतली आणि चाळत चाळत सांगितलं.

एक्कावन्न साली तिला मुलगा झाला होता. ह्याच घरात, माजघराच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत. बाळंतपण बारकीने केलं. बारकी म्हणजे मागच्या पाड्यावरची वारली सुईण, हाताला मोठं यश. पाचव्या दिवशी पाचवी पुजली. तुमच्याकडेही पुजत असतील. पाटा-वरवंटा मांडायचा, सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि टाक ठेवायचा, आणि दिवा रात्रभर तेवत ठेवायचा. तो विझू द्यायचा नाही. बायका जागतात, गाणी म्हणतात. आमच्या घरची आणखी एक रीत, सुईणीने त्या रात्री खोलीच्या उंबऱ्याला लागून आडवं निजायचं. वाईट काही आत यायला नको म्हणून. त्या खोलीला दार एकच.

मध्यरात्र टळल्यावर माईंनी शेजारणींना घरी पाठवलं. "जा तुम्ही. मी बसते दिव्यापाशी." वहिनी ओली बाळंतीण, आधीच्या चार रात्री पोर रडत होतं म्हणून डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिला गाढ झोप लागली. जाग आली ती माईंच्या आवाजाने. माई दिव्यापुढे उभ्या होत्या, हातात काडेपेटी, आणि बोलत होत्या. "दिवा विझला. मी जरा परसाकडे गेले, तुला सांगून गेले, दिव्याकडे बघ म्हणून. तू हो म्हणालीस. आणि आले तर तू घोरतेस."

पुढे तीन दिवसांनी पोराने दूध सोडलं, अंग ताठ झालं आणि ते गेलं. दवाखान्यातले डॉक्टर धनुर्वात म्हणाले. पण डॉक्टरांचं कोण ऐकतो? माईंनी आल्यागेल्याला एकच सांगितलं, आईच झोपली, सटवाईने दिवा बघितला नाही, कागद कोरा ठेवून गेली. वहिनीचे वडील अण्णा तलासरीकडे झरीला मास्तर होते. बिचारे बसने आले. नातवाचं तोंड बघायला मिळालं नाही ते नाहीच, माईंनी ओटीवर चार माणसांत त्यांना उभं केलं. अण्णांनी वाकून विहिणीच्या पायावर डोकं ठेवलं आणि मुलीच्या वतीने क्षमा मागितली. पाच वर्षांनी ते वारले, मुलगी गुन्हेगार आहे असं मानूनच.

"आणि मला आठवत नाही गं," वहिनी म्हणाली. "मी हो म्हटलं होतं का? माई म्हणाल्या ते झोपेत ऐकलं होतं का मी? डोळे मिटले की तेच सुरू होतं. कधी वाटतं, नाहीच म्हटलं. कधी माझाच आवाज मला ऐकू येतो, हो म्हणतानाचा. मग उठून काहीतरी करत बसलेलं बरं. झोपून काय मिळतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तश्शी उठून माजघरात गेले आणि माईंना म्हटलं, "डॉक्टर धनुर्वात म्हणाले होते ना?" माई म्हणाल्या, "डॉक्टरला पाचवीतलं काय कळतं? आणि तू कालची आलेली, तुला काय माहीत?" संध्याकाळी ह्यांनी मला समजावलं, जुन्या गोष्टी उकरू नकोस, आईचं वय झालंय. ह्या घरातल्या पुरुषांना आईचं वय तेवढं दिसायचं. बायकोचं तर सोडाच.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आमची नणंद यमुना, सुरतेला दिलेली, दोन्ही बाळंतपणांना माहेरी आली. बारकीचा पाडा आमच्या परसातून दिसतो, हाक मारली तर ऐकू जाईल. पण माई सुईण आणवायच्या ती पार पलीकडून, बैलगाडी पाठवून, शुक्री नावाची. मी विचारलं तर म्हणाल्या, बारकीचा हात अपशकुनी. मला ते खरं वाटलं. बाजारात बारकी करवंदं घेऊन बसलेली दिसली की वहिनीसुद्धा मान वळवून पुढे जायची. तिला ती रात्र आठवायची.

माझं पहिलं बाळंतपण बोर्डीला झालं, मुलगा. दुसऱ्याला मी म्हटलं, इथेच करीन. बासष्टचा पावसाळा संपत आला होता. माझ्या पोटात कळा सुरू झाल्या आणि गाडीवान उलटा फिरून आला, शुक्री आपल्या मुलीकडे तलासरीला गेलीय, चार दिवस येत नाही. माई म्हणाल्या, दुसरी कोणी बघा. मी आतून ओरडले, "पोर माझं आहे. बारकीला बोलवा, नाहीतर मी इथेच एकटी मोकळी होते." ह्यांनी पहिल्यांदा आयुष्यात माझं ऐकलं आणि धावत पाड्यावर गेले.

बारकी आली. म्हातारी झाली होती, पण हात तेच. मुलगी झाली, सुखरूप. माई त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून होत्या. मला वाटलं, मुलगी झाली म्हणून.

पाचवा दिवस उजाडला. दुपार कलली होती. बारकी माझ्या खोलीत पाय पसरून बसली होती, पोटऱ्यांवर बाळ आडवं, हात तेलाने माखलेले. दार उघडं होतं. समोर माजघरात माईंची खाट, आणि तिच्या पलीकडे स्वयंपाकघराचा उंबरा. आत वहिनी पाचवीसाठी पाटा-वरवंटा घासत होती, खसखस आवाज येत होता. मला बिछान्यावरून सगळं दिसत होतं.

माई खाटेवरून म्हणाल्या, "वसू, पाटा धुऊन दे, पण मांडायला तू जाऊ नकोस. आज त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. माझ्यापाशीच बस रात्रभर. एक जीव झोपेत घालवलास तेवढा पुरे."

खसखस थांबली.

म्हणजे बघा. पोराच्या दिव्यापाशी बसायला तिचा विटाळ, आणि म्हातारीच्या भांड्यापाशी बसायला तीच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बारकीने मला विचारलं, "कोन झोपली?"

मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं. "वसुवहिनी. तिच्या पाचवीला. माई परसाकडे गेल्या होत्या ना, तिला दिव्याकडे बघायला सांगून. हिला झोप लागली आणि दिवा गेला."

बारकीचे हात बाळाच्या पायावर थांबले. "परसाकडं? कुठून गेल्या? दारात तं मी आडवी होती."

आता आमच्या माईंचं सांगते. निजलेल्या माणसाला ओलांडण्यासारखं पाप त्यांच्या लेखी दुसरं नव्हतं. हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हा आळीतल्या एखाद्या पोराने नुसते पाय पसरले असले तरी माई दारात उभ्या राहून, त्याने पाय आखडेपर्यंत, त्याला बोलत राहायच्या. ओलांडलं की वाढ खुंटते, आयुष्य तुटतं, काय काय. त्या माई सुईणीला ओलांडून बाहेर जाणार?

"मी जागीच होती," बारकी आपल्या नेहमीच्या सुरात सांगू लागली. तिला बिचारीला काय कल्पना. "दिवा गेला तवा ही निजली होती, खरं. बाळंतीण बाय, ती निजल नाय तं काय करल? पन माई पन निजल्या होत्या, भितीला टेकून. मीच हाक मारली, माई, दिवा गेला. तवा दचकून उठल्या. काडी लावली नि मला म्हनल्या, उजाडत आलं, तू जा घरी. मी गेली. मंग मला कधी बोलावलंच नाय."

वहिनी उंबऱ्यात येऊन उभी होती. हातावरून पाणी निथळत होतं. तिने विचारलं, "बारकी, माईंनी मला काही सांगितलं होतं का त्याआधी? आणि मी हो म्हटलं होतं का?"

"कोन सांगल? दोघी निजलेल्या. निजलेलं मानूस काय सांगल नि काय आयकल?"

माई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काहीतरी बरळते. किती वर्षांची गोष्ट. मला नाही आठवत."

तेवढ्यात ओटीवरून दादा आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, ते तोंडावरच दिसत होतं. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. बोलले. म्हणाले, "जाऊ दे ना वसू. म्हातारं माणूस. आज पाचवीच्या दिवशी कशाला?"

मी अंथरुणातून म्हटलं, "दादा, लाज वाटते का काही? बायको डोळ्यांदेखत खंगली तुमच्या. देणगी म्हणून सांगत फिरलात ना स्टेशनभर?" बाळंतिणीने असं ओरडू नये, दूध आटतं, असं म्हणतात. आटू दे म्हटलं. नाही आटलं.

वहिनीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. "म्हणजे मी हो म्हटलंच नव्हतं," ती म्हणाली. मग पुन्हा तेच, जरा मोठ्याने. मग ती माईंच्या खाटेपाशी गेली. तिचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "अण्णांना पायावर डोकं ठेवायला लावलंत तुम्ही. माझ्या म्हाताऱ्या बापाला. तुम्हाला माहीत होतं आणि पाय पुढे केलेत."

माईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. ओठ चाटून, जशा रोज म्हणायच्या तशाच म्हणाल्या, "वसू, पाणी दे. घसा सुकला."

वहिनी आत गेली. मला वाटलं, आता ही पाणी आणते आणि मी ते भांडं फेकून देते. पण ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सतरंजी होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून, दार पूर्ण अडेल अशी ती तिने अंथरली. त्यावर आडवी झाली. उशाला दंड घेतला, पदर तोंडावर ओढला.

"वसू," दादा म्हणाले. ती हलली नाही. माई म्हणाल्या, "अरे काशीनाथ, मला पाणी." पाण्याचा माठ आत. दादा उंबऱ्यापाशी गेले, दोन्हीकडून वाकून बघितलं, जागा नव्हती. मग धोतर आवरून त्यांनी एक पाय उचलला.

"ओलांडू नको," माई ओरडल्या.

जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. दादा पाय हवेत धरून तसेच उभे. मला हसूही आलं आणि संतापही आला. मी म्हटलं, "मागच्या दाराला आतून कडी आहे बरं का. बाहेरूनही जाता येणार नाही."

"मग उठव तिला," माई म्हणाल्या.

"उठवून बघाच कोणी," मी म्हटलं. "ओली बाळंतीण आहे, तरी इथून उठून येईन."

बारकीने बाळ माझ्या कुशीत दिलं, तेलाचे हात लुगड्याला पुसले आणि जाऊन वहिनीच्या पायाशी बसली.

दादांनी शेजारच्यांकडून तांब्याभर पाणी आणून आईला पाजलं. ह्यांनी शाळेतून आल्यावर चहाबद्दल विचारलं, मी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. दिवेलागणीला बायका आल्या. पाटा-वरवंटा आत अडकलेला, तो शेजारून आला. तेल शेजारून, फुलवाती शेजारून, सुईणीच्या शिध्याचे तांदूळसुद्धा शेजारून. ज्या घरांत वहिनी आजारी पोरांच्या उशाशी बसली होती त्याच घरांतून सगळं येत होतं. प्रत्येक बाई दारातून डोकावायची, आडव्या पडलेल्या वसूकडे बघायची आणि विचारायची, बरं नाही का तिला? मी प्रत्येकीला सांगितलं. सगळं सांगितलं, दिव्यापासून अण्णांपर्यंत. माईंना ऐकू जाईल अशा आवाजात. त्या खाटेवर होत्या, जाणार कुठे?

झोप खरी लागली होती का, की ती हट्टाने पडली होती, हे मला आधी कळेना. मग बायकांची गाणी सुरू व्हायच्या आधी घरात जरा सामसूम झाली आणि मी ऐकलं. ती घोरत होती. बारीक, शिट्टी वाजल्यासारखं. आमच्या घरात ते कोणी कधी ऐकलं नव्हतं. मी बायकांना म्हटलं, गाणी हळू म्हणा.

तिथपासून तिला रोज झोप यायला लागली, असं काही झालं नाही. इतक्या वर्षांची मोडलेली झोप एका दुपारीत कशी सांधेल? काही रात्री यायची, काही रात्री नाही यायची. पण जागी असली तरी ती आपल्या अंथरुणावर पडून असायची. माईंची रात्र दोघे मुलगे वाटून घेऊ लागले. दादा लाल डोळ्यांनी ड्यूटीवर जायचे आणि म्हणायचे, "वसू, डोकं भणभणतं गं." ती म्हणायची, "झोपून काय मिळतं?" आणि पोळी लाटत राहायची. कोणी पहाटेच्या गाडीला उठवायला सांगायला आलं की दारातूनच सांगायची, बाजारात गजराचं घड्याळ मिळतं.

माईंनी शेवटपर्यंत तिची क्षमा मागितली नाही. मी वाट बघत होते, वहिनी बघत नव्हती. चौसष्ट साली माई एका संध्याकाळी गेल्या. यमुनाला सुरतेला तार केली, ती सकाळच्या गाडीने येणार, तोपर्यंत ठेवायचं ठरलं. वहिनीने माईंना आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं, उशाशी दिवा लावला. सगळं नीट. मग आळीतल्या बायका, दादा, आमचे हे, सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. बोललं कोणीच नाही, पण मला ते वाक्य ऐकू आलं.

"मी झोपते," वहिनी म्हणाली. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दोघे भाऊ आईपाशी बसले. उजाडताना शेजारून चहा आला, तो घेऊन मी माजघरात गेले. दोघेही भिंतीला टेकून गाढ झोपलेले, दादांचं तोंड उघडं, आणि माईंच्या उशाशी दिवा विझलेला. मी किटली खाली ठेवली. माझ्यामागे वहिनी येऊन उभी राहिली. केस बांधलेले, चेहरा झोपेने सुजलेला. तिने कोणाला हाक मारली नाही.

दादांना आपोआप जाग आली. त्यांनी आधी दिव्याकडे बघितलं, मग वहिनीकडे.

"मी जरा परसाकडे गेलो होतो," ते म्हणाले. "शांतारामला सांगून गेलो होतो, दिव्याकडे बघ म्हणून."

आमचे हे डोळे चोळत उठले. "मला? कधी?"

"तू हो म्हणालास की."

वहिनीने कोनाड्यातली काडेपेटी काढली, दादांच्या मांडीवर टाकली आणि आंघोळीला गेली.